मैदान कोणाच्या नावावर?

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसल्या. गावची पोरे हरखली. त्यांना वाटले, कोणीतरी पुढाऱ्याने स्पर्धा भरवली आहे आणि सीमारेषा आखून दिली आहे. दुपारपर्यंत उलगडा झाला. त्या रेघा मोजणीच्या होत्या. जागेचे तुकडे पाडून ती निरनिराळ्या कामांसाठी द्यायचा विचार चालला होता.

आमचे पहूर जामनेर तालुक्यातले गाव. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता येथून जातो. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडीही येथे थांबायची. सारे तिला ‘पीजे’ म्हणत. २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली. कपाशीची शेवटची वेचणी झाली, शिवार रिकामे झाले, की आमच्या लहानपणी क्रिकेटचा हंगाम सुरू होई तो मृगाच्या पावसापर्यंत. यष्ट्या म्हणून पऱ्हाट्या रोवायच्या, सुताराकडून फळीची बॅट करून घ्यायची. पुढे टेनिसचे चेंडू आले, बक्षिसांचे फलक आले, लाउडस्पीकरवरचे समालोचन आले. मैदान मात्र तेच राहिले.

मी तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. ‘सर, तुम्ही कागद वाचता, आपले मैदान कोणाचे ते बघा ना,’ असे मुले म्हणाली, तेव्हा मला हसू आले आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटली. चाळीस वर्षे मी त्या जागेवर खेळलो, पंच म्हणून उभा राहिलो, आणि ती कोणाच्या नावावर आहे हे मला ठाऊक नव्हते. सातबारा काढला. धारकाच्या रकान्यात ‘सरकार’ आणि जमिनीचे वर्णन ‘गुरचरण’. क्रिकेटचा, खेळाचा, मुलांचा त्यात कोठेही मागमूस नव्हता.

तेव्हापासून मी क्रिकेटचा इतिहास वेगळ्या नजरेने वाचू लागलो. क्रिकेट हा नोंदींचा खेळ. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, आणि ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम अवघ्या नऊ धावा दूर असताना प्रतिपक्षाने सामना सोडून दिला, हे आपल्याकडे पुष्कळांना तोंडपाठ असते. पण ज्या जमिनीवर या धावा निघतात, ती कोणाची, कशी मिळाली, कशी टिकली किंवा कशी गेली, ही नोंद धावफलकात नसते. ती शोधायची तर अर्ज, हुकूम, खरेदीखते आणि भाडेपट्टे वाचावे लागतात. अशा तीन नोंदी मी येथे शेजारी शेजारी मांडणार आहे: एक मुंबईची, एक इंग्लंडमधल्या कौंटी क्लबांची आणि शेवटची आमच्या गावाची.

१

मुंबईचे मैदान मुळात खेळासाठी नव्हतेच. किल्ल्यावरच्या तोफांना समोरचे स्पष्ट दिसावे म्हणून तटाबाहेरची जागा मोकळी ठेवलेली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६०च्या दशकात तट पाडले गेले. त्या मोकळ्या पट्ट्यातूनच आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने उरली.

पारशी तरुणांनी १८४८मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हा हिंदी लोकांचा पहिला क्रिकेट क्लब मानतात. पाठोपाठ हिंदू आणि मुसलमान मुलेही खेळू लागली. १८७५मध्ये युरोपीयांचा बॉम्बे जिमखाना उभा राहिला आणि मैदानाच्या एका टोकाला त्यांची कुंपणाची, राखलेली जागा झाली. खरा तंटा पोलोवरून पेटला. जिमखान्याचे सभासद पोलो खेळत ते आपल्या कुंपणाच्या आत नव्हे, तर ज्या भागावर हिंदी मुले क्रिकेट खेळत तेथे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली की तिच्यावर टप्पा पडलेला चेंडू कोठे उसळेल याचा नेम राहत नाही. पोलो खेळणारे साहेब मूठभर, तेही आठवड्यातून एखाददोन संध्याकाळी. क्रिकेट खेळणारे शेकडो, आणि तेही रोज.

१८८१मध्ये या खेळाडूंनी शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे पाठवला. तिन्ही समाजांच्या लोकांनी खेळासाठी एका कागदावर सह्या केल्या. सरकारने आधी पोलो दुसरीकडे हलवायचा हुकूम काढला. जिमखान्याने आपले वजन वापरून तो फिरवून घेतला. पुन्हा अर्ज झाले, पुन्हा उत्तरे आली. या लढ्यात पुढे असलेल्या शापूरजी सोराबजी यांनी १८९७मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, तेव्हा युरोपीयांचा पोलो विरुद्ध देशी क्रिकेट हा झगडा त्यांनी थेट पुस्तकाच्या नावातच घातला. हिंदी माणसाने लिहिलेल्या क्रिकेटच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक पुस्तक फलंदाजीइतकेच जमिनीविषयी आहे, ही गोष्ट माझ्या मते पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

१८९०मध्ये लॉर्ड हॅरिस मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. हॅरिस म्हणजे केंट कौंटीचे आणि इंग्लंडचे माजी कर्णधार. क्रिकेटवाल्यांना वाटले, आता तरी आपले माणूस आले. एस्प्लनेडचा अर्ज त्यांनीही फेटाळला. पुढे तोड निघाली ती वेगळीच. पारशी जिमखान्याला समुद्रकाठी, केनेडी सी फेसवर, हॅरिस येण्याआधीच जागा मिळाली होती. हॅरिस यांच्या काळात तिच्या शेजारी हिंदू आणि मुसलमान जिमखान्यांनाही भूखंड देण्यात आले. एका कागदावर सह्या करणारे तिघे आता तीन स्वतंत्र कुंपणांत बसले. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना एका ओळीत दिसतात ती हीच मैदाने.

हा निकाल जय म्हणावा की पराजय? जागा मिळाली, पण मागितलेली नव्हे. हक्क म्हणून नव्हे, तर सरकारी मेहेरबानी म्हणून. आणि जातवार वाटून. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्यांच्या हाती कागद आला त्यांची मैदाने सव्वाशे वर्षे शहराच्या सर्वांत महाग जमिनीवर टिकली. ज्यांच्याजवळ फक्त वहिवाट होती, ते आझाद मैदानातल्या आपल्या तंबूत बसून अजूनही सरकारच्या परवानगीकडे डोळे लावून असतात. १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागी केली ती याच आझाद मैदानावर. पुढे मेट्रोच्या कामासाठी या मैदानाचा एक भाग पत्र्यांच्या आड गेला, तेव्हा ६६४ धावांचा उतारा कोठल्याही कचेरीत दाखवता येण्यासारखा नव्हता.

या हकिकतीत आणखी एका माणसाची नोंद केली पाहिजे. पळवणकर बाळू हे पुण्यात युरोपीयांच्या क्लबात खेळपट्टी राखायचे, लोळ फिरवायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण ज्या मैदानाची मशागत त्यांनी केली तेथे ते नोकर होते, आणि ज्या हिंदू संघाला त्यांनी जिंकून दिले तेथे चहाच्या वेळी त्यांना वेगळे बसवले जाई. मैदान घडवणारा आणि मैदानाचा मालक ही दोन वेगळी माणसे असतात, हे सातबारा वाचण्याआधीच बाळूंच्या चरित्रावरून मला समजायला हवे होते.

२

लॉर्ड हॅरिस यांच्या केंटकडे वळू. कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा मुलूख. अशा १८ कौंट्यांचे क्लब प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळतात. त्यांची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा १८९०पासून चालू आहे. यांतले बहुतेक क्लब कोणा धनिकाच्या नव्हे, तर वर्गणीदार सभासदांच्या मालकीचे आहेत. म्हणजे आमच्या गावात जे नाही ते सारे तेथे आहे: क्लब नोंदलेला, सभासदांची यादी तयार, पुष्कळ ठिकाणी जमिनीचे खरेदीखतही क्लबाच्याच नावावर. मग मैदाने सुरक्षित असायला हवीत.

प्रत्यक्षात तसे झालेले नाही. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावात १८६५पासून मध्यवस्तीत क्रिकेट होई. दुकानांच्या आणि घरांच्या गराड्यातले ते मैदान होते. १९८९मध्ये तेथे शेवटचा प्रथम श्रेणी सामना झाला आणि त्या जागी बाजारसंकुल उभे राहिले. संकुलाच्या चौकात चेंडू टोलवणाऱ्या फलंदाजाचा पुतळा बसवला आहे. साउदॅम्प्टनला हॅम्पशायर क्लब एका मैदानावर शंभराहून अधिक वर्षे खेळला. २०००नंतर तेथे घरे झाली आणि क्लब शहराबाहेरच्या नव्या मैदानावर गेला. केंटचे कँटरबरीचे मैदान १८४७पासूनचे. त्याच्या सीमारेषेच्या आत एक जुने, इंग्रज ज्याला लाइम म्हणतात ते झाड उभे होते; चेंडू त्याला लागला तर चौकार धरत. २००५च्या जानेवारीत वादळात ते पडले, क्लबाने त्याच्या जागी दुसरे लावले. झाड पुन्हा लावता आले. मैदानाच्या कडेची जी जमीन घरांसाठी आणि दुकानासाठी विकावी लागली, ती मात्र परत येणारी नाही.

सर्वांत बोधक कथा ब्रिस्टलची आहे. डब्ल्यू. जी. ग्रेसच्या ग्लॉस्टरशायर क्लबाने पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशांच्या अडचणीपायी आपले मैदान चॉकलेट करणाऱ्या फ्राय कंपनीला विकले आणि पुढे ते परत मिळवले. त्याच क्लबात अलीकडे पुन्हा हे मैदान विकून शहराबाहेर जाण्याचा विचार सुरू झाला आहे. वुस्टरची अडचण निराळी. सेव्हर्न नदीच्या पुरात ते सुंदर मैदान वारंवार पाण्याखाली जाते, आणि तेथेच राहायचे की हलायचे हा प्रश्न क्लबापुढे उभा आहे.

याच्या मुळाशी हिशेब आहे. चार दिवसांच्या सामन्याला प्रेक्षक थोडे. उत्पन्न येते ते दूरचित्रवाणीच्या हक्कांतून, म्हणजे मध्यवर्ती मंडळाकडून वाटून मिळणाऱ्या रकमेतून. २०२१मध्ये ‘द हंड्रेड’ ही शंभर चेंडूंची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात संघ आठ, आणि तेही मोठ्या मैदानांवरचे. डर्बी, नॉर्थहॅम्प्टन, लेस्टर, कँटरबरी अशा ठिकाणच्या क्लबांना ऐन उन्हाळ्यात आपल्याच खेळाचा पाहुणा व्हावे लागले. २०२५मध्ये या आठ संघांतले हिस्से विकले गेले. त्यातून आलेल्या सुमारे ५० कोटी पौंडांचा मोठा भाग सर्व कौंट्यांमध्ये वाटायचे ठरले. लहान क्लबांना इतकी रक्कम एकरकमी कधी मिळाली नव्हती. कर्ज फिटेल, पण ते फिटल्यावर दरवर्षीची तूट कशातून भरायची, हे त्या रकमेने सुटत नाही. एकदाच येणारा पैसा आणि दरवर्षी येणारा खर्च यांतला फरक कपाशी पिकवणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

हे हिस्से घेणाऱ्यांत आपले आयपीएलवाले पुढे आहेत. लंडनच्या ओव्हलवरच्या संघात मुंबई इंडियन्सच्या मालकांचा हिस्सा आहे. हॅम्पशायरचा तर क्लबच दिल्लीच्या संघाच्या भागीदारांनी घेतला. ज्या मुंबईकरांचा मैदानाचा अर्ज एका कौंटी कर्णधाराने नाकारला, त्याच मुंबईचा पैसा आज कौंट्यांची मैदाने चालवायला निघाला आहे. काहींना यात काव्यगत न्याय दिसेल. मला तसे वाटत नाही. अर्ज करणारे वेगळे होते आणि पैसा देणारे वेगळे आहेत. मैदानावर रोज खेळणारा दोन्ही वेळा बाहेरच उभा आहे.

तरी एक फरक नोंदवायला हवा. सभासदांच्या क्लबाला जमीन विकायची तर सभासदांना विचारावे लागते. सभा होते, लोक तावातावाने बोलतात, मते पडतात. मैदान गेले तरी ते चर्चेनंतर जाते. आमच्याकडे चुन्याची रेघ आधी पडते.

३

आता आमच्या गावाचा कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या कलम २२नुसार गावातली बिनभोगवट्याची सरकारी जमीन जिल्हाधिकारी एखाद्या कामासाठी राखून ठेवू शकतात. त्या कामांची यादी वाचण्यासारखी आहे: जळाऊ लाकडासाठी, गुरांच्या मोफत चराईसाठी, स्मशानासाठी, गावठाणासाठी, छावणीसाठी, खळ्यासाठी, बाजारासाठी, कातडी सोलण्यासाठी, रस्ते आणि उद्यानांसारख्या सार्वजनिक कामांसाठी. एका जुन्या गावाचे सारे जगणे या यादीत आले आहे. खेळ तेवढा नावानिशी आलेला नाही. त्याला शेवटच्या ‘अन्य सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दांत जागा शोधावी लागते. पण जागा आहे, हे महत्त्वाचे. शिवाय २०११मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढून त्या गावाच्या उपयोगासाठी परत द्याव्यात, असे राज्यांना बजावले आहे.

एवढे हाती आल्यावर मी मोठ्या उत्साहाने अर्ज लिहिला. ‘सदर जागा गेली अनेक वर्षे क्रीडांगण म्हणून वापरात असून ती क्रीडांगणासाठी राखून ठेवावी.’ मुलांनी दोन दिवसांत सह्या गोळा केल्या. गावातल्या एका वृद्ध आबांकडे मी स्वतः गेलो. त्यांच्या घरात तीन पिढ्या गुरे राखण्याचे काम आहे. त्यांनी मला अर्ज मोठ्याने वाचायला लावला. मग म्हणाले, ‘सर, जागा पोरांच्या नावावर झाली तर गुरे कुठं न्यायची?’

मला उत्तर सुचले नाही. एस्प्लनेडचा सारा इतिहास मी वाचला होता. अर्जदार होऊन वाचला होता. आबांच्या दारात उभे राहिल्यावर लक्षात आले की येथे घोडेवाले आम्हीच आहोत. कागदावर ती जागा गुरांची होती. आम्ही तिच्यावर मागाहून आलो, आणि चाळीस वर्षांत आम्हाला कोणी हटकले नाही ते केवळ आबांसारख्यांच्या सोशिकपणामुळे. शिवाय जे मैदान आम्ही आपले म्हणत होतो ते राखले कोणी? दगड मुलांनी वेचले हे खरे. पण पावसाळ्यानंतरचे कमरेएवढे गवत खाऊन जमीन उघडी करणारी गुरेच होती. सकाळी गुरे, संध्याकाळी पोरे, अशी वाटणी कोणी न ठरवता चालत आली होती. पोलो आणि क्रिकेट एका जमिनीवर नांदू शकत नव्हते. चराई आणि क्रिकेट नांदत होते. आणि माझ्या अर्जाने मी त्यांतल्या एकाला बाहेर काढायला निघालो होतो.

आणखी एक गोष्ट अर्जावरच्या सह्या मोजताना दिसली. त्यांत एकाही मुलीचे नाव नव्हते. गावच्या शाळेतल्या मुली आता क्रिकेट खेळतात, पण त्या मैदानावर येत नाहीत. त्यांना कोणी या म्हटलेलेच नाही. ‘सार्वजनिक प्रयोजन’ लिहायचे तर ते खरे असले पाहिजे.

अर्ज पुन्हा लिहिला. आता त्यात ‘चराई व क्रीडांगण’ अशी दोन्ही कामे आहेत, वेळा लिहिल्या आहेत, आणि जागेचे तुकडे पाडू नयेत ही मुख्य मागणी आहे. आबांनी अंगठा दिला. त्यांच्या नातीने सही केली. ग्रामसभेत हा विषय मांडायचे ठरले आहे. तेथे दुसरी बाजूही उभी राहील, आणि तिचे म्हणणे खोटे नसेल. गावाला पाण्याची टाकी हवी आहे, दवाखान्याची इमारत हवी आहे, बेघरांना घरे हवी आहेत. मैदान म्हणजे रिकामी जागा असे ज्याला वाटते, त्याला ती भरून टाकावीशी वाटणारच. ती रिकामी नाही, हे सांगायचे काम आमचे आहे. आणि ते केवळ आठवणी सांगून होणार नाही.

तीन नोंदी शेजारी ठेवल्या की मला एवढेच दिसते. मुंबईच्या मैदानावर वहिवाट होती, कागद नव्हता. म्हणून हुकूम फिरले. इंग्लंडच्या लहान क्लबांकडे कागद आहे, पण जमिनीची किंमत खेळाच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी पटींनी वाढली. म्हणून मालकच विकायला निघाला. मैदान टिकायचे तर कागद आणि वहिवाट दोन्ही लागतात, आणि कागदावर जितक्या जास्त लोकांचे काम लिहिलेले असेल, तितके ते मोडणे अवघड होते. एकट्या क्रिकेटचे मैदान विकले जाऊ शकते. ज्या जागेवर गुरे चरतात, मुले-मुली खेळतात, म्हातारे संध्याकाळी बसतात, तिला गिऱ्हाईक मिळते, पण तिच्यासाठी भांडणारेही जास्त मिळतात.

मोजणीच्या रेघा पहिल्याच पावसात वाहून गेल्या. चार कोपऱ्यांवरचे खुंट अजून आहेत. यंदाचे गवत गुरांनी अर्धे संपवले आहे. दिवाळी झाली, कपाशीचा पहिला वेचा घरात आला, की पोरे खेळपट्टी झाडायला लागतील. अर्जाची पोच मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवली आहे. आमच्या मैदानाच्या इतिहासातला तो पहिला कागद आहे.